ताडपत्रीची वही: घरांच्या धंद्याच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

मृग लागून दोन दिवस झाले, पाऊस अजून नुसता वाजतोय, आणि दुकानात सकाळपासून ताडपत्री आणि निळं प्लास्टिक सोडून दुसरं काही खपलं नाही. आमचं दापोलीत हार्डवेअर आणि रंगाचं दुकान, बाबांनी चालू केलेलं. आज उधारीची वही चाळताना एक गोष्ट डोक्यात आली ती विसरायच्या आत लिहून ठेवतोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हापासून दरवर्षी याच दिवसांत तीच ठराविक माणसं ताडपत्री न्यायला येतात, आणि स्वतःच्या घरासाठी नाही, शेजारच्या बंद घरासाठी नेतात. मालक मुंबईला, चावी शेजाऱ्याकडे, वादळात कौलं गेली ती गेलीच, तिकडून जीपेवर पैसे येतात आणि इकडे ताडपत्री बदलली जाते. म्हणजे माझ्या गल्ल्याखाली बंद घरांची आयती यादी पडलेली आहे.

डॅलसचा मावसभाऊ दोन वर्षं होलसेलिंग होलसेलिंग करतोय. मला आधी वाटलं किराणा. काल व्हिडिओ कॉलवर त्याने नीट सांगितलं. पडीक किंवा अडचणीतलं घर शोधायचं, मालकाशी ठराविक भावात करार करायचा, आणि घर स्वतः न घेता तो करारच दुसऱ्या गिऱ्हाइकाला वर पैसे लावून द्यायचा. मधला फरक आपला. स्वतःचे पैसे अडकतात ते फक्त बयाण्यापुरते. त्यातही टेक्सासात कायदा आहे की समोरच्याला सांगावंच लागतं, मी घर विकत नाहीये, माझा करारातला हक्क विकतोय. शेजारच्या ओक्लाहोमात २०२१ पासून लायसन्सशिवाय हा धंदा करता येत नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, याला आपल्याकडे दलाली म्हणतात. म्हणलं दलाली वेगळी. म्हणाले बरं.

१६ जून

वहीतून नावं काढली, ३१ घरं निघाली. दापोली, हर्णै, आंजर्ले, केळशीची बाजू आणि खेडच्या रस्त्यावरच्या दोन वाड्या. भाऊ सांगतो तिकडे लोक गाडी घेऊन फिरतात आणि ज्या घरासमोर गवत वाढलंय ते टिपून घेतात, त्याला ड्रायव्हिंग फॉर डॉलर्स म्हणतात. इथे जूनमध्ये ते करायला गेलं तर अख्खा तालुका टिपावा लागेल, राहत्या घराच्या अंगणातपण टाकळा गुडघ्याएवढा झालाय. त्यापेक्षा ताडपत्रीची वही बरी.

आज नऊ मालकांना फोन केले. सात जण पहिल्याच वाक्याला म्हणाले "विकायचं नाही", दोघांनी विचारलं "कितीला जाईल?". विकायचं नाही म्हणणाऱ्या सातातले तिघे तासाभराने परत फोन करून तेच विचारते झाले.

३ जुलै

एक घर पक्कं धरलंय. गाव लिहीत नाही, आंजर्ल्याच्या खाडीपासून बरंच आत आहे एवढं पुरे. पाखाडी चढून गेलं की गडग्याला लागून बेडं, आत खळं, मग ओटी. चिऱ्याच्या भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता येतं. मागच्या पडवीत न्हाणीघर, परसात काजूची सात-आठ झाडं आणि दोन कलमं. किल्ली शेजारच्या काकूंकडे. आत गेल्यावर मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून वाशांवर टकटक करत गेलो. सागाचे वासे खणखणीत वाजत होते, पण पश्चिमेचे चार वासे टोचल्यावर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, बिस्किटासारखा. वाळवी. बाहेरून लाकूड जसंच्या तसं, आत नुसता भुसा. त्या बाजूला ताडपत्री तीन वर्षांपूर्वीची, दुकानाचा शिक्का अजून दिसतोय, तेवढं बरं वाटलं.

जमीन २२ गुंठे, वरकस, म्हणजे हलकी. ऑनलाइन १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढला. तिथून पुढे मजा सुरू झाली. मालकाच्या रकान्यात चार भावांची नावं आणि थोरल्यापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. इतर हक्कात कुळकायदा कलम ४३ ची अट, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन अशीच विकता येत नाही. घरपट्टी म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ फक्त थोरल्या काकांच्या नावावर, आणि ते मला फोनवर ठामपणे सांगत होते की घर माझं आहे, उतारा आहे माझ्याकडे. नमुना ८ हा कर कोण भरतो त्याचा कागद आहे, मालकीचा नाही, पण हे मलापण आठवड्यापूर्वी माहीत नव्हतं त्यामुळे मी कोण बोलणार.

१४ जुलै

थोरले काका आज खेडला उतरून येणार होते. दिवाणखवटीला बोगद्याजवळ दरड आली, कोकण रेल्वे बंद. भेट बोंबलली.

मोकळा वेळ होता म्हणून हिशोब मांडला. डॅलसच्या भावाचा ७० टक्क्यांचा नियम असा की दुरुस्त झाल्यावर घर कितीला जाईल तो आकडा घ्यायचा, त्याचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, जे उरेल त्याच्या वर एक पैसा द्यायचा नाही. उरलेल्या ३० टक्क्यांत पुढच्याचा नफा, व्याज, कागदांचा खर्च आणि आपला कट. आता हे घर नीट करून उभं केलं तर ३० लाखाला जावं असं मला वाटतं. ७० टक्के म्हणजे २१. छप्पर उतरवून नवे वासे, कौलं, वायरिंग, संडास-बाथरूम, विहिरीचा पंप सगळं धरून ६ लाख, हा आकडा माझा पक्का आहे कारण माल माझ्याच दुकानातला. २१ वजा ६ म्हणजे १५ लाख. काका मागतायत १८.

पण ३० कुठून आले? "मला असं वाटतं" मधून आले. टेक्सासात विक्रीची किंमत सरकारी दप्तरी जाहीर होतच नाही, एजंट लोकांच्या सिस्टिममधून ती मिळते. आपल्याकडे उलटं, नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सारांश, कोणालाही बघता येतो. बसून आसपासच्या गावांचे बघितले. बहुतेक दस्तांत मोबदल्याचा आकडा रेडी रेकनरला, म्हणजे सरकारी दराला, असा चिकटून बसलेला की पट्टीने मापून लिहिलाय. खरा आकडा ज्याला त्याला माहीत. तेव्हा भाव कळायचा तर चहाच्या टपरीवर.

२४ जुलै

काल बजेट. घर-जमिनीवरचा लाँग टर्म कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स, २० टक्क्यांवरून १२.५ आणला पण इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय, काढून टाकलं. थोरल्या काकांचा सकाळी साडेसहाला फोन, आता काय करायचं, विकायचं की थांबायचं. म्हणलं काका, आधी कोण कोण विकणार ते तर ठरूदे. गावातली शेतजमीन म्हणून तिच्यावर हा टॅक्स मुळात येत नाही, घराच्या किमतीचा तेवढा प्रश्न, असं आमचे सीए म्हणाले.

(नंतरची भर: ऑगस्टमध्ये सरकारने सवलत दिली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या मिळकतीला जुन्या पद्धतीने २० टक्के की नव्याने १२.५, यातलं जे कमी पडेल ते धरता येतं. काकांचा परत फोन.)

११ ऑगस्ट

आज मी मूर्खपणा केला, आणि तो करताना मला मी फार हुशार आहे असं वाटत होतं.

पार्टी मिळाली होती. पुण्याचं जोडपं, दोघं आयटीत, घर बघून ओटीवरच बसून राहिले, बाईंनी तर झोपाळा कुठे लावायचा ते पण ठरवलं. २१ ला तयार. काका १८ ला. मधले ३ लाख मला आत्ताच बँकेत दिसायला लागले. म्हणून घाईघाईत काकांना इसार दिला ५१ हजार. ते रोख मागत होते, मी दिले नाहीत, कारण घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो हे नेमकं वाचलेलं. यूपीआयने पाठवले, छापील इसार पावतीवर काकांची सही घेतली, "सर्व हिस्सेदारांचे वतीने" असं मीच माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी ओळखीच्या वकिलांना पावती दाखवली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, सर्व हिस्सेदारांनी यांना वतीने म्हणून कधी नेमलं? तो कागद कुठाय? नाहीये. मग हा इसार एका माणसाच्या सहाव्या की चौथ्या की कितव्या हिश्श्याचा? तेही मला सांगता येईना. मग विचारलं, घेणारे शेतकरी आहेत का? मी गप्प. जमीन शेतीची, बिगरशेती झालेली नाही, कुळकायद्याच्या कलम ६३ ने बिनशेतकऱ्याला घेता येत नाही. पुण्याच्या दोघांच्या कुठल्याच गावाला कुठल्याच आजोबांच्या नावावर एक गुंठा नाही, मी फोन करून विचारलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरात असतं तर बिगरशेती करून घेणं सोपं गेलं असतं, हे घर वरच्या वाडीत, दीड किलोमीटरवर.

मी म्हणलं मग कुलमुखत्यारपत्र करून ठेवतो, पुढचं पुढे बघू. तेव्हा ते खरंच चिडले. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सूरज लॅम्पच्या केसमध्ये सांगितलंय की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असा जुडगा करून मालकी जात नाही. पैसे घेऊन परक्याला विक्रीचं मुखत्यार द्यायचं तर स्टॅम्पपण खरेदीखताएवढाच. आणि साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करून तुमचा हक्क तिसऱ्याला देता येतो, पण ते साठेखत सगळ्या मालकांनी सह्या केलेलं पाहिजे, रजिस्टर पाहिजे आणि त्यात तसं कलम पाहिजे. म्हणजे भावाचा धंदा इथे बेकायदेशीर नाही, फक्त त्याला लागणारा पहिलाच कागद माझ्याकडे नाही.

फी घेतली नाही त्यांनी. ते जास्त लागलं.

१८ ऑगस्ट

पुण्याच्या पार्टीला खरं खरं सांगून टाकलं. त्यांनी चांगलं घेतलं. काकांना इसार परत मागितला तर म्हणाले गणपतीला येतो तेव्हा बघू, पैसे जरा अडकलेत.

७ ते १२ सप्टेंबर, गणपती

दुकान चालू-बंद. रोज संध्याकाळी त्या घरी आरतीला जातोय. वर्षभर ज्या घराला कुलूप त्या घरात २३ माणसं झोपतायत, खळ्यात मंडप, मागे चुलीवर काळ्या वाटाण्याचं सांबार, आणि पश्चिमेच्या पडवीत मुलं त्याच कुजक्या वाशांखाली पत्ते खेळतायत, मी वर बघत बसतो.

तीन दिवस झाले तरी मला विषय काढता आला नाही. गौरी बसल्या त्या रात्री जागरणाला सगळे ओटीवर होते तेव्हा थोरल्या काकांनीच काढला. मी रंगाच्या शेडकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वंशावळ काढायला घेतली. आजोबा वारले १९८७ ला. चार मुलगे, दोन मुली. सातबाऱ्यावर चार मुलगेच. मधल्यांपैकी एक वारले, त्यांची बायको, मुलगी आणि मुलगा यांची नावं चढलेलीच नाहीत. मुलींपैकी धाकटी वारली, तिला तीन मुलं. थोरली आत्या जिवंत, ७८ वर्षांची, माझ्या समोर बसून वाती वळत होती. म्हणजे सहा शाखा, दहा माणसं. आणि मी यांच्यातल्या एकाला ५१ हजार देऊन घर घ्यायला निघालो होतो.

मधल्या काकांनी लगेच म्हणलं की बहिणींचा काय संबंध, त्यांची लग्नं करून दिली. मी वकिलांकडून ऐकलेलं तसंच सांगितलं, वडलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जितातही मुलासारखाच झाला. कोणी काही बोललं नाही. आत्या वात वळता वळता म्हणाल्या, "मला पैसे नको आहेत. घर गेल्यावर गणपती कुठं बसवायचा तेवढं सांगा."

कोणाकडेच उत्तर नव्हतं. थोरल्यांची खोली नालासोपाऱ्याला, एका बेडरूमची. मधल्यांच्या सोसायटीत पाच दिवसांचं नको म्हणतात. इसाराचं प्रकरणपण त्याच रात्री बाहेर आलं आणि थोरल्यांना दोघा भावांनी चांगलंच फैलावर घेतलं. मला वाटलं आता मलापण बाहेर काढतात, पण काकूंनी चहा दिला.

नंतर पाखाडीवर एक पोरगा माझ्या मागून आला. वारलेल्या काकांचा मुलगा, विरारला राहतो, एसी दुरुस्तीचं काम आहे स्वतःचं. म्हणाला, दादा, १८ लाखातले सगळ्यांचे हिस्से मला घेता येतील का?

१३ सप्टेंबर

रात्रभर झोप नाही. हिशोब सोपा आहे, १८ लाख, सहा शाखा, प्रत्येकी ३. पोऱ्याची स्वतःची शाखा सोडून पाच शाखांचे १५ लाख. त्याची आई आणि बहीण त्याला फुकट हक्कसोड देतायत. वडलांच्या वारसाने त्याचं नाव सातबाऱ्यावर आलं की कलम ६३ चा प्रश्न मिटतो. क्षेत्र २२ गुंठे, जिरायतीला तुकड्याची मर्यादा, म्हणजे त्याहून लहान तुकडा विकता येत नाही, ती २०२३ पासून २० गुंठे, आणि इथे तर तुकडा पडतच नाही, अख्खा गट जातोय. गणपती जागचा हलत नाही.

माझे ३ लाख गेले. गिऱ्हाईक आधीपासून सातबाऱ्याच्या पोटात होतं आणि मी ते पुण्यात शोधत होतो.

त्याला सांगितलं कागद मी करून देतो, माझी मेहनत ४५ हजार, बिल देईन, अर्धे वारस नोंद झाल्यावर आणि अर्धे खरेदीच्या दिवशी. तो लगेच हो म्हणाला. जास्त सांगायला हवे होते का? आता झालं ते झालं.

२२ ऑक्टोबर

वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन टाकला. १९८७ चा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात शोधायला दोन दिवस, पानांना कसर लागलेली. आत्यांचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि आधारवर तिसरंच, म्हणून प्रतिज्ञापत्र. फेरफार धरला, १५ दिवसांची नोटीस लागली, कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतील.

कलम ४३ ची अट काढायची गंमत ऐका. ही कुळाची जमीन, आजोबांना कसेल त्याची जमीन म्हणून मिळालेली, ३२ म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, सर्टिफिकेट पेटीत सापडलं, रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. ते मिळून दहा वर्षं होऊन गेली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून विकता येतं, वेगळी परवानगी लागत नाही, फक्त घेणारा शेतकरी पाहिजे. आमच्या या गटाचा आकार ८७ पैसे. चाळीस पट म्हणजे ३४ रुपये ८० पैसे. ते भरायला माझ्या चार फेऱ्या झाल्या, पेट्रोल त्याच्या वीसपट.

आणि या महिन्यात हक्कसोडचा स्टॅम्प २०० चा ५०० झाला. थोरले काका म्हणतात आपणपण बाकी सगळ्यांचं हक्कसोडच करू, पैसे बाजूने देऊ, स्टॅम्प वाचेल. वकील म्हणाले पैसे घेऊन सोडलेला हक्क म्हणजे विक्रीच, नाव काहीही द्या. तेव्हा आई-बहिणीचं हक्कसोड आणि बाकी सात जणांचं खरेदीखत.

१ डिसेंबर

यादीतली बाकीची घरं बघतोय अधूनमधून. मुरुडच्या बाजूला समुद्राला लागून एक, मालक एकटाच, वारसांची भानगड नाही, भावपण बरा. मग किनारपट्टीचे नकाशे बघितले तर भरतीरेषेपासून फार तर ८० मीटर. २०१९ च्या सीआरझेडप्रमाणे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे, ग्रामीण भागात जिथे वस्ती दाट, चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर, तिथे ५० मीटर सोडायचे, बाकी ठिकाणी २०० मीटर ना विकास क्षेत्र. जुनं घर डागडुजी करून राहा, वर मजला चढवायचं स्वप्न विकू नका. मालकाला ते ऐकायचं नव्हतं. सोडून दिलं.

दुसऱ्या चार घरांचे सातबारे काढले. एकात घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची, जुन्या खोताच्या घराण्याच्या नावावर. खोती १९५० ला गेली म्हणतात, इतर हक्काच्या रकान्यातून अजून पूर्ण गेलेली नाही. एकात १४ नावं, त्यातले एक कॅनडात. एकात सगळं स्वच्छ, म्हणून विकायचं नाही.

आता बंद घर बघितलं की मी छपराकडे बघत नाही, विचारतो गणपतीला कोण कोण येतं.

९ फेब्रुवारी २०२५

मार्जिन सोडा, निदान गुंतवणूक म्हणून काहीतरी घेऊया असं बायको म्हणाली म्हणून दापोलीत एक बेडरूमचा फ्लॅट बघितला. कृषी विद्यापीठाची पोरं भाड्याने घेतात, जागा रिकामी राहत नाही हे खरं आहे. किंमत २४ लाख, भाडं साडेसात हजार. भावाचा तिकडचा ढोबळ नियम असा की महिन्याचं भाडं किमतीच्या १ टक्का आलं पाहिजे. इथे आलं ०.३१ टक्के. १८ लाखाचं कर्ज २० वर्षांनी पावणेनऊ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १५,९०० च्या आसपास, परवा रिझर्व्ह बँकेने पाव टक्का कमी केला तो पूर्ण मिळाला तरी २८५ रुपये वाचणार. म्हणजे हप्त्याचं अर्धं भाड्यातून, अर्धं माझ्या गल्ल्यातून, वर मेंटेनन्स आणि घरपट्टी. सगळी मदार भाव वाढेल यावर. बिल्डरचा माणूस दोन लाख आजच भरा म्हणत होता, प्रकल्प नवा. त्याला सांगितलं बाबारे, २४ लाखाचे १० टक्के दोन लाख ४० हजार, तोपर्यंत रजिस्टर कराराशिवाय घेता येतं ते ठीक, पण महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर दाखव आधी. नंबर होता. प्रश्न माझ्या खिशाचा आहे. बायकोला हिशोब दाखवला, तिने कागद घडी करून डब्यात ठेवला, म्हणाली दिवाळीला परत काढू.

तेवढ्यात एक बरं झालं, वारस फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर दहाच्या दहा नावं आली. पहिले साडेबावीस हजार खात्यात. प्रिंट काढून आत्यांना पाठवली. त्यांच्या सुनेने सांगितलं, त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवून दोनदा वाचायला लावलं.

१७ मार्च, सोमवार

शिमग्याला सगळे आलेत, पालखी परवा वाडीत होती. सात सह्या एका दिवशी एका जागी मिळायच्या तर गणपती नाहीतर शिमगा, मधल्या महिन्यांत हे काम होत नाही, आता कळलंय.

रजिस्ट्रार ऑफिसात खरेदीखताला सकाळी अकराचा टोकन. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी काल ऑनलाइन भरलेली. सहा जणांचे फोटो-अंगठे तासाभरात झाले. थोरल्या काकांच्या तीन लाखातून ५१ हजार पोऱ्याने परस्पर मला वळते केले, काका दुसरीकडे बघत होते, मीपण दुसरीकडे बघितलं.

आत्यांचा अंगठा उमटेना. जन्मभर शेणी थापल्या, भाताची लावणी केली, रेषा पुसून गेल्यात. स्कॅनरवर एकदा, दोनदा, डावा, उजवा. ऑपरेटर पोरगी शांत होती, म्हणाली आजी हात धुऊन या. धुऊन आल्या. नाही. मग बाहेरच्या वडापाववाल्याकडून थेंबभर खोबरेल मागून आणलं, अंगठ्याला चोळलं, पदराला पुसलं. आत्या म्हणाल्या, "सही येते मला, चौथी शिकलेय, अंगठा कशाला?" सही तर हवीच होती आणि अंगठापण. सहाव्या वेळी हिरवी टिकली आली.

दुपारी दुकान उघडलं. पोरगा आला होता, पश्चिमेच्या चार वाशांची आणि रिपांची यादी घेऊन, कौलं उतरवायचं काम पाडव्यानंतर धरतोय म्हणजे मृगाच्या आत छप्पर बंद होईल. दर लावताना जरा कमी लावला. मग वही काढली आणि ३१ मधलं ते घर खोडलं. राहिली ३०.